एफ इलेव्हन कोण दाबणार?

आमच्या धंद्यात काम नीट झालं की सांगण्यासारखं काही उरतच नाही. मशीन सुरू होतं, गिऱ्हाईक "थँक यू" म्हणतं आणि पुढची पाच वर्षं आपलं तोंडही बघत नाही. किस्सा होतो तो काहीतरी वाकडं झालं की! आणि अठरा वर्षांत इतकं वाकडं झालंय की विचारू नका. माझ्या पर्सच्या तळाशी टिकल्या, सेफ्टी पिना आणि आवळासुपारी साठते ना, तसे हे किस्से साठलेत. एक शोधायला हात घालावा तर चार बाहेर येतात.

आधी ओळख करून देते. मी अर्चना. मूळची वर्ध्याची, आता पक्की पुणेकर, म्हणजे कोणी पत्ता विचारला की आधी त्यालाच तीन प्रश्न विचारते. स्वारगेटजवळ एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. माणसं तीन. मालक कांबळे सर, मी आणि संदीप.

काम काय, तर एक मोठं मशीन घ्यायचं आणि त्यात असं सॉफ्टवेअर टाकायचं की ते एकटंच पाच-दहा मशीन असल्यासारखं वागायला लागतं. एका बंगल्यात दहा बिऱ्हाडं, प्रत्येकाचं दार वेगळं. याला शहाणी माणसं सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. आम्ही "बिऱ्हाडं बसवणं" म्हणतो. हे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून चढतं. पेन ड्राइव्ह लावायचा, मशीन त्यावरून सुरू करायचं, मग ते दोन-चार प्रश्न विचारतं. कुठल्या डिस्कवर बसू? पासवर्ड काय ठेवू? आणि सगळ्यात शेवटी एक स्क्रीन येते, की या डिस्कवर जे काही असेल ते पुसलं जाईल, कबूल असेल तर एफ इलेव्हन दाबा.

आमचा संदीप ते दाबत नाही! चार वर्षं झाली. पेन ड्राइव्ह तयार करणं, मशीन उघडणं, केबली, नेटवर्क, सगळं तो माझ्यापेक्षा चांगलं करतो, आणि हे मी सहसा कोणाबद्दल म्हणत नाही. पण ती शेवटची स्क्रीन आली की तव्याला हात लागल्यासारखे कीबोर्डवरून हात उचलतो. मग मी दाबते, नाहीतर सर दाबतात.

या वर्षी कांबळे सर पासष्टीचे झाले. त्यांनी जाहीर केलं, "धंदा आता तुमच्या दोघांच्या नावावर करतो. जिन्यात नवा बोर्ड लावू." माझं नाव पेंटरने लिहूनही टाकलं. लागणारच होतं, त्यात काय! त्याच्याखाली जागा मोकळी ठेवली. सर म्हणाले, "संदीप, ज्या दिवशी तू स्वतःच्या बोटाने एफ इलेव्हन दाबशील, त्या दिवशी पेंटरला बोलावतो. महिनाअखेरपर्यंत वाट बघीन. नाहीतर तिथे फोन नंबर लिहू."

संदीप म्हणाला, "फोन नंबरच लिवा सर."

*

सरांचे पेन ड्राइव्ह तीन. प्रत्येकाला सुतळीने वीतभर लाकडाचा ठोकळा बांधलेला आहे, कारण आधी ते गिऱ्हाइकाकडेच राहायचे, नाहीतर कोणाच्या तरी खिशातून धुण्यात जायचे. ठोकळ्यावर संदीपच्या अक्षरात नंबर. संदीपची एक खोड आहे. आकडा लिहिला की त्याच्याभोवती चौकट काढतो. वायरीवरची चिठ्ठी असो, रजिस्टर असो, नाहीतर वडापावच्या कागदावर लिहिलेला फोन नंबर असो, चौकट हवीच.

चाकणच्या बाजूला एका कारखान्यात गेलो होतो. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या मामांनी बॅग उघडली आणि ठोकळा बाहेर काढला.

"हे काय?"

"पेन ड्राइव्ह आहे."

"पेन ड्राइव्ह आत न्यायला बंदी आहे."

"अहो मामा, कामच पेन ड्राइव्हचं आहे! तुमच्या साहेबांनीच बोलावलंय."

मामांनी नियमांचा कागद वाचला. साहेबांना फोन लावला, साहेब मीटिंगमध्ये. पुन्हा कागद वाचला. मग फार विचार करून सुतळीची गाठ सोडली, पेन ड्राइव्ह टेबलाच्या खणात टाकला आणि ठोकळा माझ्या हातात दिला.

"लाकडाला बंदी नाही. तुम्ही काम सुरू करा."

*

हिंजवडीला एक आयटी मॅनेजर होता. वय सत्तावीस-अठ्ठावीस, बोलणं अर्धं इंग्लिश, उरलेलं "ब्रो". मला ब्रो म्हणाला! त्याने सॉफ्टवेअरची फाइल इंटरनेटवरून घेतली आणि सरळ पेन ड्राइव्हमध्ये कॉपी-पेस्ट केली. मशीन काही त्यावरून सुरू होईना. एक पेन ड्राइव्ह झाला, दुसरा झाला, असे नऊ नवे पेन ड्राइव्ह टेबलावर मांडून ठेवलेले.

"पीसेस डिफेक्टिव्ह आहेत ब्रो. फाइल तर आत आहे ना! मग बूट का नाही होत?"

मी म्हटलं, नुसती फाइल टाकून चालत नाही, पेन ड्राइव्ह बूटेबल, म्हणजे मशीन त्यावरून सुरू होईल असा, करावा लागतो, त्यासाठी वेगळा प्रोग्राम असतो. त्याला पटेना. "बट फाइल इज देअर!" हेच चालू.

संदीपने नऊ पेन ड्राइव्ह एकदा पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, डब्यात पीठ हाय. भाकरी कुठं हाय?"

तेवढं मात्र त्याला कळलं. पुढच्या पंधरा मिनिटांत मशीन सुरू. आणि शेवटची स्क्रीन आली तशी संदीपने हात उचलले आणि माझ्याकडे पाहिलं. मॅनेजर म्हणाला, "व्हॉट हॅपन्ड ब्रो?" मी म्हटलं, "काही नाही. भाकरी उलटायचं काम माझ्याकडे आहे."

*

आमच्याकडे एक पद्धत आहे, "वाचा-म्हणा". सरांचे वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. तिथे म्हणे एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने तेच मोठ्याने म्हणायचं, आणि मगच वस्तूला हात लावायचा. वडिलांनी ते घरीही आणलं. आमटीत मीठ टाकतानासुद्धा ते म्हणायचे "एक चमचा", आणि आईने म्हणायचं "एक चमचा", मगच मीठ पडायचं. सरांनी तेच ऑफिसात लावलं. डिस्कची ओळ एकाने वाचायची, दुसऱ्याने म्हणायची, मग एफ इलेव्हन. एकट्याने दाबायचं नाही म्हणजे नाही.

पेठेतल्या एका जुन्या वाचनालयात आम्ही तिघं बिऱ्हाडं बसवायला गेलो. मशीन नेमकं वाचकांच्या दालनातच ठेवलेलं. शेवटची स्क्रीन आली आणि मी खणखणीत आवाजात वाचलं, "वरची ओळ, कोरी डिस्क, शेवटचे आकडे चार-चार-एक-आठ!"

ग्रंथपाल बाई चष्म्यावरून बघत आल्या. "इथे बोर्ड लावलाय. शांतता राखा. आपल्याला वाचता येतं ना?"

सर नम्रपणे म्हणाले, "अहो बाई, वाचतोच आहोत. पद्धत आहे आमची, मोठ्याने वाचायचं."

"वाचनालयात मनात वाचतात. मोठ्याने वाचायला बालवाडी पलीकडच्या गल्लीत आहे."

आता काय करणार! पद्धत मोडायची नाही आणि बोलायचंही नाही. शेवटी संदीपने चिठ्ठीवर चार आकडे लिहिले, सरांनी खाली तेच चार आकडे लिहिले. बाईंनी चिठ्ठी हातात घेऊन तपासली, जणू आम्ही परीक्षेला बसलो होतो.

"आकड्यांभोवती चौकटी कशाला? पळून जाणार आहेत का?"

संदीप हळूच म्हणाला, "जातात बाई."

मी हसले नाही. का हसले नाही ते पुढे कळेल.

*

हा किस्सा मी फारसा सांगत नाही. आज सांगते, कारण याच्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही.

चार वर्षांपूर्वी हडपसरच्या पुढे मांजरी गावात एका उसाच्या रोपवाटिकेत काम होतं. मालकीण इंदूकाकी, साठीच्या आसपास. संदीप त्याच बाजूच्या वाडीचा, त्यामुळे तो त्यांना लहानपणापासून ओळखायचा. रोपवाटिकेत एक कॉम्प्युटर कॅमेऱ्यांचा, एक ठिबकच्या पाण्याचा आणि एक नोंदींचा. तिन्ही एकाच मशीनमध्ये बसवायचे होते.

नोंदी काकींच्या यजमानांच्या होत्या. बारा वर्षं रोज संध्याकाळी बसून त्यांनी लिहिलं होतं, कुठल्या वाफ्यात कुठलं बेणं, कधी लावलं, किती उगवलं, कुठल्या गावचा शेतकरी काय घेऊन गेला. ते जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. सगळं एका डिस्कवर होतं.

मशीनमध्ये त्या दिवशी दोन डिस्क होत्या, एक कोरी आणि एक ही. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच साइझच्या. स्क्रीनवर दोन ओळी, जुळ्या बहिणींसारख्या, फक्त शेवटचे चार आकडे वेगळे. "वाचा-म्हणा"साठी दुसरी व्यक्ती मी होते. बॅकअप ज्यावर घ्यायचा ती डिस्कही माझ्याच बॅगेत होती. आणि मी वेळेवर पोचले नाही.

सगळ्यांना मी सांगितलं, हडपसरला ट्रॅफिक लागलं. ट्रॅफिक नव्हतं. मी मांजरीत रस्त्याच्या कडेला मेथी घेत होते. ताजी दिसली, चार जुड्या घेतल्या, घासाघीस केली, त्यात पाऊण तास गेला. संदीप वाट बघून कंटाळला. त्यानेच वाचलं, त्यानेच म्हटलं आणि त्यानेच एफ इलेव्हन दाबलं, नेमकं नोंदींच्या डिस्कवर. मी पोचले तोवर त्याने तिन्ही बिऱ्हाडंही बसवून टाकली होती, म्हणजे जुन्यावर नवं लिहूनही झालं होतं. नंतर डिस्क दोन ठिकाणी रिकव्हरीला नेली. फाइलींची नावं परत आली, आत काही नव्हतं.

काकी स्क्रीनकडे बघत उभ्या होत्या. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "चहा घ्या."

संदीपच्या कपावर साय धरली. त्याने तो उचललाच नाही. मी बॅग पोटाशी धरून बसले होते आणि मला माझीच लाज वाटत होती. परत येताना संदीप एकच वाक्य बोलला, "आता मी न्हाई दाबणार, ताई." मेथीचं मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

*

त्यानंतर काय काय झालं बघा. एकदा मी भाच्याच्या लग्नाला वर्ध्याला गेले होते आणि स्वारगेटला चष्म्याच्या एका होलसेलवाल्याकडे मशीन बसवायचं होतं. संदीप एकटाच. सगळं केलं, शेवटची स्क्रीन आली, हात वर. सरांना फोन.

सर घरी, खडकीला. "येतो," म्हणाले. दोन बस बदलून आले. दुकानदाराला नमस्कार केला, चष्मा पुसला. संदीपने वाचलं, सरांनी म्हटलं, सरांनी एफ इलेव्हन दाबलं, पुन्हा नमस्कार केला आणि आल्या पावली बस पकडायला गेले. चहालाही थांबले नाहीत.

दुकानदार दाराकडे बघतच राहिला. "हे कोण होते हो?"

संदीप म्हणाला, "आमचं एफ इलेव्हन."

मी सरांना नंतर विचारलं, तुम्ही त्याला रागवत का नाही? सर म्हणाले, "ज्याला त्या बटणाची भीतीच वाटत नाही, त्याला मी मशीनला हात लावू देत नाही. पण अर्चना, भीतीचं नाव बोर्डावर कसं लावू?"

*

संदीपची दुसरी खोड म्हणजे रविवार. रविवारी हा माणूस फोन उचलत नाही! गिऱ्हाइकाचं मशीन बंद पडो, सरांचा वाढदिवस असो, नाही म्हणजे नाही. सोमवारी विचारलं तर "रेंज नव्हती". बुटांना चिखल, पँटला उसाच्या पानांची कुसळं.

आता तेहतीस वर्षांचा बिनलग्नाचा मुलगा दर रविवारी गायब होतो, तर आपण काय समजणार? मी समजले, मुली बघायला जातो. सरांना म्हटलं, "चार वर्षांत दोनशे मुली बघून झाल्या असतील याच्या! तालुका संपला असेल!" त्यात तो दर दोन-तीन महिन्यांनी शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानातून दोनशे पानी वही घ्यायचा. मी चिडवलं, "मुलींची नोंद ठेवतोस की काय रे?"

"नोंदच ठेवतो," म्हणाला. कान लाल झाले होते.

मधल्या सुट्टीत जिन्यात उभा राहून कोणाकोणाला फोन करायचा, तेही ऐकलंय मी. "दादा, तुमी त्या साली कुठलं बेणं नेलतं? आठवतंय का? किती उगवलं?" मला वाटलं, सासऱ्याच्या शेतीची चौकशी चाललीये. म्हटलं, हुशार आहे, जमीन बघून मुलगी बघतोय!

*

माझ्या चुकाही सांगायला हव्यात, नाहीतर म्हणाल बाई फार शहाणी. शनिवार पेठेत दातार काकांचा लोणच्यांचा धंदा आहे. त्यांच्याकडे मशीन बसवलं आणि मी पेन ड्राइव्ह तसाच मागे लावून आले. ठोकळा लोंबत होता, त्यावर कोणीतरी ओला नॅपकिन वाळत घातला होता, त्यामुळे दिसलाच नाही. तीन आठवड्यांनी वीज गेली, आली, मशीन पुन्हा सुरू झालं ते थेट पेन ड्राइव्हवरून.

काकांचा फोन. "अर्चनाबाई, आपलं मशीन मला विचारतंय, कुठल्या डिस्कवर बसू. काय सांगू?"

अरे बाप्पा! मी ओरडले, "काही सांगू नका! कशाला हात लावू नका! हात वर करा काका, हात वर!"

रिक्षा करून धावत गेले, तरी पाऊण तास लागला. आत शिरते तो काय, काका खुर्चीत ताठ, दोन्ही हात वर, काकू फोन त्यांच्या कानाशी धरून उभ्या, आणि दोन कामगार बरण्या भरायच्या सोडून बघत बसलेले.

"अहो काका, हे काय! इतका वेळ?"

काका म्हणाले, "आपण हात वर म्हणालात. खाली कधी, ते सांगितलं नाहीत."

*

महिना संपायला सहा दिवस होते. बोर्डावर माझ्या नावाखालची जागा तशीच कोरी. पेंटर दोनदा येऊन विचारून गेला. आणि ऑफिसात फोन वाजला.

"मी मांजरीची इंदू. नवं मशीन घेतलंय, बसवून द्यायचंय. पाठवाल तर संदीपलाच पाठवा. आन् त्या बाईला बी."

ती बाई म्हणजे मी! संदीपचा चेहरा उतरला. मला वाटलं, चार वर्षांनी आता बाई हिशेब चुकता करणार. सरांना म्हटलं, तुम्ही चला. सर म्हणाले, "माझं बोट इथेच राहील. तुम्ही दोघं जा."

या वेळी मी अर्धा तास आधी पोचले. रस्त्याच्या कडेला मेथी होती, ढिगाने होती, मी मान वळवून बघितलंही नाही. दारात इंदूकाकी उभ्या. त्यांनी काही न बोलता मेथीच्या चार जुड्या माझ्या हातात ठेवल्या.

"घ्या. जाताना वाटेत थांबायला नगं."

मग डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशी माझ्या बॅगेतून मेथी बाहेर डोकावत असणार, आणि मी आपली ट्रॅफिकचं सांगत होते! मी संदीपकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मला बी दिसली होती, ताई." चार वर्षं दोघांनाही माहीत होतं, आणि एकानेही मला तोंडावर पाडलं नाही. तिथेच बसून रडावंसं वाटलं. पण काम होतं.

मी आधी बॅकअप घेतला, उघडून पाहिला, पुन्हा पाहिला. मशीनमध्ये याही वेळी दोन डिस्क, एक कोरी, एक काकींची, दोन्ही एकसारख्या. संदीपने ठोकळ्याचा पेन ड्राइव्ह लावला, मशीन सुरू केलं. सुरुवातीला करार मान्य करायला एकदा तेच बटण दाबावं लागतं, ते त्याने दाबलं, त्याची भीती नव्हतीच कधी. डिस्क निवडली, पासवर्ड दिला. आणि शेवटची स्क्रीन आली.

मी तोंड उघडलं तशा काकी म्हणाल्या, "म्हणनार मी. माझ्या डिस्का हायत."

संदीपने वाचलं. "वरची ओळ. कोरी. शेवटचे आकडे सात-दोन-शून्य-नऊ."

काकी खुर्चीमागे उभ्या राहून म्हणाल्या, "वरची ओळ. कोरी. सात-दोन-शून्य-नऊ."

संदीपने हात उचलले. माझं बोट सवयीने पुढे गेलं.

"अर्चनाबाई," काकी म्हणाल्या, "तुमी मेथी निवडा."

मी हात मागे घेतला. संदीपने मान हलवली. "काकी, मला न्हाई जमणार. ताईंना दाबू द्या. बोर्डावर नाव न्हाई आलं तरी चालंल मला."

काकी आत गेल्या. परत आल्या त्या वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून. दोनशे पानी वह्या, कोपरे वळलेले, पानांना माती लागलेली. त्यांनी तो गठ्ठा धप्पकन कीबोर्डच्या शेजारी ठेवला. मी सगळ्यात वरची वही उघडली. वाफा, बेणं, लागणीची तारीख, किती उगवलं, कुठल्या गावी गेलं. साल बारा वर्षांपूर्वीचं. आणि प्रत्येक आकड्याभोवती चौकट.

दुसरी वही उघडली. तीही तशीच. मी संदीपकडे पाहिलं, तो स्क्रीनकडे बघत होता. मी वही मिटली आणि गप्प बसले. आणि मी गप्प बसणं ही आमच्या ऑफिसात बातमी असते.

काकींनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "ह्या वह्यांना एफ इलेव्हन न्हाई. दाब."

संदीपने दाबलं.

टक्के वाढायला लागले. दहा, वीस, पस्तीस. सत्तरला फोन वाजला, सर होते.

"बोट कोणाचं?"

"त्याचं," मी म्हटलं.

"पेंटरला सांगतो," म्हणाले, आणि ठेवला.

शंभर टक्के झाले. संदीपने पेन ड्राइव्ह काढला, ठोकळा दोनदा तपासून स्वतःच्या बॅगेत टाकला. काकींनी चहा आणला होता. त्याने कप उचलला आणि साय धरायच्या आत एका दमात संपवला. मग कप खाली ठेवत खालच्या मानेनेच म्हणाला, "काकी, वह्या तर झाल्या सगळ्या. आता रविवारी... येऊ का नको?"

काकींनी त्याच्याकडे पाहिलं, मग गठ्ठ्याकडे, मग मशीनकडे.

"येऊ का नको म्हनं! आरं, एवढं सगळं त्या मशीनमधी भरनार कोन? मी?"